प्राप्तिकर भरण्यासाठी लिहिलेल्या प्रेमकथा : जॉर्जेट हेयर

गोदातीर (धागाकर्ती)

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात पूर्वी रद्दीच्या एका दुकानात इंग्रजी पुस्तके वजनावर मिळत. १९८१ साली, विमा कार्यालयातील माझी नोकरी नुकतीच सुरू झाली असताना, तिथून मी साडेतीन रुपयांत पाच-सहा पुस्तके उचलली. त्यांतल्या एकाचे मुखपृष्ठ अर्धे फाटलेले होते आणि पहिल्या पानावर कुठल्याशा ऑफिसर्स मेसचा जांभळा शिक्का होता. लेखिकेचे नाव जॉर्जेट हेयर. आईने ते वाचून "साड्यांचे पुस्तक आहे का?" असे विचारले, आणि खरे सांगायचे तर आधी मलाही साडीच आठवली होती. ते पुस्तक मी नाशिकरोडहून कामावर जाताना बसमध्ये चार दिवसांत संपवले. उतरायचे असे द्वारका चौकात, पण त्या चार दिवसांत दोनदा मी वाचता वाचता थेट सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, पोहोचले.

गेल्या दिवाळीत मुलीने हेयरचे चरित्र पाठवले. चाळीस वर्षांहून अधिक काळ जिच्या कादंबऱ्या मी गच्चीत पापडांवरचे कावळे हाकत वाचल्या, ती बाई कशी जगली हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. आधी कळले नाही यात माझा दोष नाही, कारण कोणालाही काही कळू नये अशी व्यवस्था तिने स्वतःच करून ठेवली होती. चरित्र मिटल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली : या बाईच्या घरात प्रेमकथा हे एकमेव भरवशाचे उत्पन्न होते. आपण ज्याला 'हलकेफुलके वाचन' म्हणतो, ते लिहिणारीच्या टेबलावर किती जड होते, त्याविषयी हा धागा आहे.

जन्म १६ ऑगस्ट १९०२, लंडनजवळच्या विम्बल्डनचा. वडील फ्रेंच शिकवत आणि त्यांना स्वतःलाही लिहिण्याची हौस होती. बोरिस नावाच्या धाकट्या भावाला रक्त न गोठण्याचा आजार होता. अंथरुणाला खिळलेल्या या भावाला रमवण्यासाठी सतरा वर्षांच्या बहिणीने एक गोष्ट रचून सांगितली, ज्यात सरदार घराण्यातील एक तरुण वाटमारी करू लागतो. वडिलांनी ती ऐकली, कागदावर उतरवून छापायला पाठव म्हणून मागे लागले, आणि १९२१ मध्ये, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, ती कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली. मिल्स अँड बून या प्रेमकथांच्या प्रकाशकाचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगते की १९२३ साली तिची एक कादंबरी टोपणनावाने त्यांनीच छापली होती.

इथवर सारे हौसेचे होते. १९२५ च्या वसंतात रोनाल्ड रूजिए या खाण अभियंत्याशी तिचा विवाह ठरला, आणि त्यानंतर महिन्याभरात वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मागे निवृत्तिवेतन काहीच नव्हते. एक भाऊ एकोणीस वर्षांचा, दुसरा चौदा वर्षांचा. तेवीस वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, साधेपणाने लग्न झाले आणि ऑक्टोबरात नवरा कामासाठी कॉकेशसच्या डोंगरात निघून गेला. ती घरी राहून लिहीत होती. आपल्याकडे अशा मुलीला 'घरातली कर्ती' म्हणतात आणि तिच्याविषयी हळहळतात. तिच्याविषयी कोणी हळहळले असेल तर त्याची नोंद चरित्रात मला तरी दिसली नाही.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप झाला. नेमक्या त्याच दिवसांत तिची नवी कादंबरी बाजारात आली. वृत्तपत्रांत परीक्षण नाही, जाहिरात नाही, कोणी दखल घ्यायला जागेवरही नाही. तरीही त्या पुस्तकाच्या १,९०,००० प्रती खपल्या. यावरून तिने जो निष्कर्ष काढला तो मला फार आवडतो : प्रसिद्धीवाचून पुस्तक खपते, तर प्रसिद्धीच्या मागे धावायचे कशाला? त्यानंतर आयुष्यभर तिने आपल्या पुस्तकांच्या प्रचाराला साफ नकार दिला. मुलाखती नाहीत, सभा नाहीत. आता पुस्तक छापून होण्याआधीच लेखक त्याच्याबरोबर स्वतःची छायाचित्रे टाकू लागतात, त्या काळात हे वाचताना मजा वाटते.

नवऱ्याच्या नोकरीमागे ती आफ्रिकेतील टांगानिकाला गेली. हत्तीगवताने शाकारलेल्या झोपडीत राहून तिने अठराव्या शतकातील इंग्लंडवरची कादंबरी लिहिली. संदर्भाची पुस्तके हजारो मैल दूर असतानाही त्या कादंबरीत काळाची एकच चूक सापडते : लंडनमधील एक प्रसिद्ध क्लब तिने एक वर्ष आधी उघडला. पुढे मॅसिडोनियात दंतवैद्याने भूल चुकीच्या रीतीने दिल्यामुळे ती मरता मरता वाचली. १९२९ मध्ये नवऱ्याने नोकरी सोडली आणि घराचा सगळा भार तिच्या लेखणीवर आला. त्याने गॅस आणि कोळशाच्या धंद्यात हात घालून पाहिला, तो बसला. मग तिच्या मावशी-आत्यांकडून उसने घेऊन हॉर्शम गावात खेळाच्या साहित्याचे दुकान काढले. वरच्या मजल्यावर बोरिस राहत असे आणि दुकानात हातभार लावत असे. १९३२ मध्ये मुलगा झाला. त्या सुमारास ती वर्षाला एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा लिहू लागली. खून कोणी आणि कसा केला हे नवरा ठरवी, माणसे आणि संवाद ती भरी. प्रेमकथेच्या साधारण १,१५,००० प्रती जात आणि रहस्यकथेच्या १६,०००. घर कशावर चालले हे यावरून कळते. नवऱ्याविषयी मात्र गैरसमज नको. तिच्याच कमाईच्या आधाराने त्याने कायद्याचा अभ्यास केला, १९३९ मध्ये तो बॅरिस्टर झाला, आणि दोघांचा संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला.

१९३५ पासून तिला तिची खरी जमीन सापडली : रीजन्सी काळ. राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकेना, तेव्हा १८११ ते १८२० या काळात युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार केला, तो हा काळ. या नऊ वर्षांवर आज इंग्रजीत प्रेमकथांचे आख्खे दालन उभे आहे, आणि त्याचा पाया हिचा आहे. तिच्याकडे हजाराहून अधिक संदर्भग्रंथ होते. शिवाय स्वतःच्या वह्या होत्या, ज्यांत विषयवार नोंदी असत : सौंदर्य, रंग, पोशाख, टोप्या, घरखर्च, किमती, दुकाने. अमुक साली मेणबत्त्या काय भावाने मिळत, हेसुद्धा तिने टिपून ठेवले होते. हे वाचून मला आमच्या घरातील वाण्याच्या यादीची वही आठवली, आणि जी बाई मेणबत्तीचा भाव लिहून ठेवते तिच्या कादंबरीतील श्रीमंती का पटते, हेही उमगले.

तिला स्वतःला मात्र दुसरेच काही लिहायचे होते. मध्ययुगातील लँकेस्टर घराण्यावरचा मोठा ग्रंथ तिने हाती घेतला होता. तो बाजूला ठेवून दर वेळी ती नवी रीजन्सी प्रेमकथा लिहायला बसे, कारण कराची मागणी येऊन पडलेली असे. ४ जुलै १९७४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली तेव्हा तो ग्रंथ अपुराच होता. पुढच्या वर्षी तो तसाच छापला गेला. तिच्या पन्नासेक पुस्तकांपैकी ४८ त्या वेळी बाजारात उपलब्ध होती. ती श्रीमती रूजिए होती, हे बहुतेक वाचकांना मृत्युलेखातून कळले.

आपल्याकडे लोकप्रिय प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या कामाकडे आपण कसे पाहिले, याविषयी इथल्या जाणत्यांनी लिहावे.

मेनरोडचा वाचक

ताई, लेख मनापासून आवडला. माझ्या वडिलांची मेनरोडच्या मागील गल्लीत सर्क्युलेटिंग लायब्ररी होती आणि शाळेतून आल्यावर गल्ल्यावर मी बसत असे, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी लोकांच्या चेहऱ्यांवरून देऊ शकतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. तिथे नाव असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि तिथले सभासदच संध्याकाळी आमच्याकडे येत. आमच्याकडे सर्वांत जास्त फिरत ती चंद्रकांत काकोडकरांची पुस्तके. शेजारच्या वाड्यातील एक काकू लहान मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवीत : 'काकोडकर नवीन आले असल्यास द्यावे, कागदात गुंडाळून द्यावे.' वडील पुस्तक केसरीच्या अंकात गुंडाळत, आणि त्या काकूंना याचे फार समाधान वाटे. त्या पुस्तकांचे कोपरे इतके झिजत की दर सहा महिन्यांनी खळ लावून खाकी पुठ्ठा चढवावा लागे. गंभीर कादंबऱ्यांना मात्र पहिलेच वेष्टन वर्षानुवर्षे पुरत असे.

काकोडकरांविषयी एक गोष्ट नव्या वाचकांना ठाऊक नसते. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच तिचा विषय. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस पंचवीस रुपये दंड केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष ठरले. त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी म्हटले आहे की नुसत्या लैंगिक उल्लेखामुळे कादंबरी अश्लील ठरवायची असेल, तर किशोरवयीनांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील. पंचवीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हती. तेवढ्यासाठी दिल्लीपर्यंत गेलेल्या लेखकाला आपल्या कामाविषयी काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' झळकला आणि त्याच्या कथेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. एवढे होऊनही आमच्या वाचनालयात त्यांचे पुस्तक कागदात गुंडाळूनच जात राहिले.

हिशेबतपासनीस

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्यामुळे या धाग्यातील करविषयक भाग मी जरा अधिकच रस घेऊन वाचला, आणि त्यात थोडी भर घालतो.

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये मोठ्या उत्पन्नावरील कराचे दर अतिशय चढे होते. लेखकाची अडचण अशी की एखादे वर्ष भरभराटीचे जाते आणि कर त्याच वर्षाच्या दराने लागतो. यावर उपाय म्हणून हेयरबाईंनी हेरॉन एंटरप्रायझेस नावाची मर्यादित कंपनी काढली. नव्या पुस्तकांचे मानधन कंपनीकडे जाई आणि कंपनी बाईंना पगार देई. कागदावर योजना उत्तम होती. परंतु काही वर्षांनी कर निरीक्षकाने असे धरले की बाईंनी कंपनीतून पगारापेक्षा जास्त रक्कम काढली आहे, ती वरकड रक्कम म्हणजे न दाखवलेला लाभांश आहे, आणि म्हणून आणखी सुमारे ३,००० पौंड कर देणे लागते. कंपनीचे पैसे आणि घरचे पैसे यांत फरक असतो, हे माझ्या निम्म्या पक्षकारांना अजूनही पटवून द्यावे लागते. त्यात द्राक्षबागायतदारही आहेत आणि डॉक्टरही. तो कर फेडण्यासाठी बाईंनी 'पंच' साप्ताहिकासाठी दोन लेख लिहून दिले.

१९६६ मध्ये त्यांनी सल्लागार बदलले आणि नव्या सल्लागारांनी हेरॉन कंपनीच विकण्याचा मार्ग काढला. ती घेतली बुकर ब्रदर्सने, सुमारे ८५,००० पौंडांना. आपण ज्याला बुकर पारितोषिक म्हणतो ते बुकर हेच. जेम्स बाँडच्या लेखकाच्या कंपनीतही त्यांनी याआधी मोठा हिस्सा घेतला होता. विक्रीतून आलेली रक्कम भांडवली नफा धरली गेली आणि त्यावर प्राप्तिकरापेक्षा बराच कमी कर बसला. म्हणजे खपाऊ लेखकांचे हक्क विकत घेऊन उभ्या राहिलेल्या विभागाच्या पैशांतून १९६९ मध्ये गंभीर साहित्याचे पारितोषिक सुरू झाले. आपण विचारलेत की लोकप्रिय लेखनाकडे कसे पाहिले गेले. जमाखर्चाच्या वहीत त्याची नोंद अशी आहे.

आपल्याकडील स्थितीविषयी एक ओळ. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८० क्यूक्यूबी होते, ज्याखाली भारतातील निवासी लेखकाला साहित्य, कला किंवा विज्ञान या स्वरूपाच्या पुस्तकाच्या मानधनावर तीन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत असे. मात्र पुढे त्यासाठी जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागे. वीस वर्षांच्या व्यवसायात ही वजावट मागणारा मराठी कादंबरीकार माझ्याकडे एकच आला, आणि त्याचे वर्षाचे मानधन साडेअकरा हजार रुपये होते.

तोफखाना

मी तोफखान्यातून निवृत्त झालो असून देवळालीतच स्थायिक आहे. ताईंच्या पुस्तकावरील जांभळा शिक्का कोणत्या मेसचा आहे, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे, कारण तो आमच्याच मेसचा असल्यास पुस्तक बरीच वर्षे थकीत आहे.

या लेखिकेची प्रेमकथा मी वाचलेली नाही असे लिहिणार होतो, पण ते खोटे ठरेल. वॉटर्लूच्या लढाईवरील तिची १९३७ ची कादंबरी मी सेवेत असताना वाचली, आणि तिच्यात एक प्रेमकथाही आहे हे मला अर्ध्यावर आल्यावर कळले. ब्रिटनमधील सँडहर्स्टच्या सैनिकी अकादमीतील वाचनाशी या पुस्तकाचे नाव जोडले जाते, आणि ते का, हे वाचल्यावर पटते. कोणती पलटण कोणत्या उतारावर होती, कोणता हुकूम कोणाकडे केव्हा पोहोचला आणि केव्हा पोहोचलाच नाही, हे तिने इतके नीट मांडले आहे की वाचता वाचता मी कागद घेऊन नकाशा काढायला बसलो. वेलिंग्टनच्या तोंडी तिने जे शब्द घातले आहेत ते सारे त्याने प्रत्यक्षात कधी ना कधी उच्चारलेले किंवा लिहिलेले आहेत. त्याच्या लिहिण्याची ढब कळावी म्हणून तिने त्याचे एक अस्सल पत्रच विकत घेतले होते.

मराठी वाचकाला यात आणखी एक पदर दिसतो. हा वेलिंग्टन म्हणजे आपला ऑर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. जालना जिल्ह्यातील असईला मी दोनदा जाऊन आलो आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातील ती जमीन पाहिल्यावर शिंद्यांच्या तोफांनी त्याचे किती नुकसान केले असेल, हे लक्षात येते. उतारवयातही तो असईचे नाव आपल्या सर्वोत्तम कामगिरीत घेत असे. हेयरबाईंच्या कादंबरीतील नृत्यसमारंभात लोक त्याच्याकडे वळून वळून पाहतात, तेव्हा मला मात्र केळणेचे पात्र दिसत होते.

वाळवी

लेख चांगला आहे, प्रतिसादही उत्तम आहेत, तरीही सर्वांच्या कौतुकात थोडा खडा टाकण्याची परवानगी घेतो.

हेयर यांच्या कादंबऱ्यांत सरदार, उमराव आणि त्यांचे कोचमन असतात. उमरावांकडे पैसा कुठून येतो, हे कोणी विचारत नाही. रीजन्सीच्या ज्या नऊ वर्षांत त्यांच्या नायिका टोप्या निवडत आहेत, त्याच नऊ वर्षांत पेशवाई बुडाली, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये आपल्या डोळ्यांसमोरचा त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला. तोफखाना साहेबांनी असईचा उल्लेख केला म्हणून बरे झाले. मूळ पुस्तकांत या बाजूला खिडकीच नाही. बुकर ब्रदर्स या कंपनीचा पैसा ब्रिटिश गयानातील उसाच्या मळ्यांतून आलेला होता, जिथे आपल्याच देशातून नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या पिढ्या राबल्या, हेही हिशेबतपासनीस यांच्या जमाखर्चात जोडून घ्यावे.

दुसरा मुद्दा अधिक अप्रिय आहे. त्यांच्या १९५० च्या एका गाजलेल्या कादंबरीत ज्यू सावकाराचे जे चित्र आहे ते किळसवाणे आहे, आणि ते ज्यूंच्या संहाराला पाच वर्षे होत असताना लिहिलेले आहे. कराविषयीची त्यांची तक्रारही ताईंनी सौम्य करून सांगितली. त्यांनी पत्रात लिहिले होते की सरकारी खजिन्यासाठी पुस्तके लिहून मी कंटाळले आहे, आणि माझा पैसा शिक्षणावर व कामगारांचे आयुष्य सुखाचे करण्यावर उधळला जातो याची मला चीड येते. 'घरातली कर्ती' म्हणून सहानुभूती दाखवताना हेही पानावर असावे.

गोदातीर

वाळवी यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि तो सावकाराचा प्रसंग मी दर वेळी पाने उलटून टाळते, ही कबुलीही देते. कराच्या पत्रातील ते वाक्य चरित्रात वाचले तेव्हा मला राग आला होता. माझे शिक्षण सरकारी शाळेत झाले आहे. लेखात ते गाळले, याचे कारण कौतुक करताना हात आपोआप आखडतो, एवढेच.

मात्र एका मुद्द्यावर माझा आग्रह आहे. स्वतःच्या लेखनाविषयी तिने स्वतःची फसवणूक कधी केली नाही. असला मूर्खपणा लिहिल्याबद्दल मला गोळी घालायला हवी, पण हवाई हल्ल्याच्या वेळी तळघरात बसले असता किंवा तापातून उठत असता हे वाचायला मलाही आवडेल, अशा अर्थाचे तिने आपल्याच एका कादंबरीविषयी लिहिले आहे. रुमानियात बारा वर्षे राजकीय कैदेत काढलेल्या एका स्त्रीने तिला पत्र पाठवले होते. तुरुंगात पुस्तक मिळत नसे, म्हणून त्या स्त्रीने हेयरची एक कादंबरी आठवून आठवून सोबतच्या कैदी स्त्रियांना पुन्हा पुन्हा सांगितली होती, आणि त्यामुळे आमची डोकी ठिकाणावर राहिली असे लिहिले होते. वाचकांच्या पत्रांपैकी हे पत्र तिने जपून ठेवले होते. आजारी भावाच्या उशाशी बसून सांगितलेल्या गोष्टीपासून सुरुवात करणाऱ्या बाईला ते पत्र फेकवले नसावे.

अर्धविराम

मी अनुवादाचे काम करतो आणि एकदा, स्वतःच्या समाधानापुरते, हेयर यांच्या एका कादंबरीची पहिली वीस पाने मराठीत आणण्याचा प्रयत्न केला होता. कथानक सहज येते. अडते ते बोलण्यापाशी. त्यांची पात्रे त्या काळातील बाजारू, जुगारी आणि घोडेवाल्यांच्या बोलीत बोलतात, आणि ती बोली त्यांनी जुन्या पत्रांतून व आठवणींतून वेचून काढलेली आहे. १९६१ मध्ये एका वाचकाने दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकातील साम्यस्थळे त्यांना कळवली, तेव्हा त्यांच्या हाती असलेला ठोस पुरावा हा शब्दांचाच होता : तसला एक वाक्प्रयोग त्यांना फक्त खासगीरीत्या छापलेल्या एका पुस्तकात सापडला होता, जे सामान्य वाचकाला मिळणे शक्य नव्हते. अकरा वर्षांपूर्वीही एकदा असेच घडले होते. दोन्ही वेळा त्या न्यायालयात गेल्या नाहीत, पण कोणता तपशील कुठून आला हे त्यांना दाखवता येत होते, कारण ते वह्यांत होते.

मराठीत तसे करायचे तर १८१५ च्या सुमारास पुण्यात किंवा नाशकात एखादा उडाणटप्पू सरदारपुत्र आपल्या मित्राशी कसा बोलत असेल, हे शोधावे लागेल. बखरींची भाषा चालणार नाही, ती दरबारी आहे. पेशवे दप्तरातील मोडी रुमालांत (कागदांच्या गाठोड्यांत) तेलातुपाचे भाव सापडतील, शिव्या सापडतील की नाही याची खात्री नाही. मी वीस पानांत थांबलो, कारण माझा नायक कधी नाटकातल्या बाजीरावासारखा तर कधी कॉलेजरोडवरच्या मुलासारखा बोलू लागला. ज्यांना प्रेमकथा लिहिणे सोपे वाटते त्यांनी मेणबत्तीच्या भावापासून सुरुवात करून पाहावी.

मेनरोडचा वाचक

अर्धविराम, शिव्यांसाठी मोडी वाचण्याची गरज नाही, भद्रकालीच्या भाजीबाजारात पहाटे या.

ताई, वडिलांच्या वाचनालयाची जी शेवटची नोंदवही माझ्याकडे आहे ती आपला लेख वाचून काल पुन्हा उघडली. वही तारखेची, तिच्यात सभासद क्रमांक, पुस्तकाचे नाव, परतीचा दिवस. 'कागदात गुंडाळून' वाल्या काकूंचा क्रमांक ११४ होता. त्यांच्या नावावर एका वर्षात एकशे सदतीस पुस्तके आहेत. त्यांतले गंभीर म्हणावे असे एकच, आणि ते त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केलेले आहे.

गोदातीर

तोफखाना साहेब, शिक्का आज भिंगाखाली पाहिला. 'मेस' आणि 'देवळाली' एवढेच वाचता येते, मधल्या भागावर चहाचा डाग आहे, आणि तो माझा नाही. पुस्तक आपल्या मेसचे निघाल्यास परत करण्याची माझी तयारी आहे, मात्र दंड माफ व्हावा. पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी टिळकपथावर सार्वजनिक वाचनालयाच्या दाराशी असेन. मुखपृष्ठ अर्धेच आहे, त्यामुळे ओळखायला सोपे जाईल. मेनरोडच्या काकांनी ती नोंदवही आणावी.